अस्करचा राखणदार

माझं नाव वासुदेव, पण वासू मेस्त्री म्हटल्याशिवाय गावात कोण ओळखायचं नाही, तर तसंच लिहा. गाव कुडाळच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, घर लोहाराचं, आजोबा लोहार, वडील लोहार, आणि मी भात्याची दोरी ओढत ओढतच मोठा झालो म्हणा ना. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, वडील घणाला आंघोळ घालायचे, हळदकुंकू लावायचे, फूल ठेवायचे, आणि त्या दिवशी भट्टी बंद, लोखंडाला कोणी हात लावायचा नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण लोखंडापुढे हात जोडायची सवय मला तेव्हापासूनची, आणि मी जी गजाल सांगणार आहे ना, ती सगळी त्या सवयीवरच आहे. ही आत हसतेय बघा, हिने ती इतक्या वेळा ऐकलीय की मी मध्येच थांबलो तर पुढचं तीच सांगेल.

तर आणीबाणी उठली त्या साली मी बहारीनला गेलो. काय सांगू तुम्हाला, विमानातून उतरलो तर गरम वारा असा तोंडावर आला की मला वाटलं विमानाचंच काही पेटलंय, तर नाही, ती तिथली हवाच. अस्करजवळ अल्युमिनियमचा मोठा कारखाना, त्याच्यात दुरुस्तीचं काम घेतलेली एक कंपनी, तिच्या वर्कशॉपमध्ये मी फिटर. भाषा म्हणाल तर साहेबाशी मोडकं इंग्लिश, केरळवाल्याशी आणि पठाणाशी हिंदी, बहारीनी फोरमनशी यल्ला, खलास, मफी एवढ्यावर भागायचं, आणि मराठी फक्त स्वतःशी, कारण सुरुवातीला आमच्या वर्कशॉपमध्ये आपल्याकडचं कोण म्हणजे कोण नव्हतं. मी लेथ मशीनशी मालवणीत बोलायचो, खोटं नाही सांगत.

भट्ट्यांच्या कामावर एक फ्रान्सचा इंजिनियर होता, जेरार नाव, आम्ही जेरारसाहेब म्हणायचो. माणूस केवढा तर आमच्या वर्कशॉपच्या छोट्या दारातून तो आडवा होऊन आत यायचा. त्याच्याबद्दल मी ऐकलं की साहेब दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, पलीकडच्या मोकळ्या रानात जाऊन हातोडा फेकतो. मी म्हटलं, फेकतो म्हणजे काय, एवढा पगार घेतो आणि हत्यार फेकतो? आमच्याकडे हातोड्याला पाय लागला तरी नमस्कार करतात. म्हणून मुद्दाम बघायला गेलो, तर हातोडा कसला, लोखंडाचा गोळा, सोललेल्या नारळाएवढा, त्याला लांब तार आणि तारेच्या टोकाला मूठ. साहेबाने वाळूत चुन्याने गोल आखलेला, त्यात उभा राहून मूठ दोन्ही हातांनी धरली, डोक्याभोवती गोळा फिरवला, मग स्वतःच भोवऱ्यासारखा फिरायला लागला आणि असा काही ओरडला आणि सोडला, की मी खालीच बसलो. गोळा कुठच्या कुठे जाऊन पडला. मग साहेब काय करतो, तर गोळ्याकडे बघतच नाही, आधी खाली स्वतःच्या पायांकडे बघतो. पाय गोलाच्या आत आहेत ना, ते बघून मग चालत जातो गोळा आणायला.

ते का, हे मला नंतर कळलं. तार झिजली की साहेब वर्कशॉपमध्ये यायचा, मी तार करून द्यायचो, आणि तो तेलाच्या पिंपावर बसून निम्मं इंग्लिशने, निम्मं हातवाऱ्यांनी आपली कथा सांगायचा. उत्तर फ्रान्समधल्या कारखान्याच्या गावचा तो. बाप लोखंडाच्या ओतशाळेत कामाला. मी म्हटलं, साहेब म्हणजे तुम्ही आमच्यातलेच. बापाने पोराचं अंग बघून ओतशाळेत त्याच्यासाठी हा गोळा केला, आणि पोरगा बीटाच्या शेतात फेकायला लागला, बाप शेताच्या टोकाला उभा राहून ओरडायचा, आणि आई रोज संध्याकाळी गोळ्याची माती पुसून तो चुलीजवळ ठेवायची, गंज चढू नये म्हणून. फेकता फेकता पोरगा देशाच्या संघात गेला, निळा बनियन मिळाला, कुठकुठले देश फिरला. आणि एकदा जगातले सगळ्यात मोठे खेळ होते तिथे गेला. तिथे तीन वेळा फेकायचं. तिन्ही वेळा गोळा लांब गेला, आणि तिन्ही वेळा पाय गोलाच्या बाहेर पडला. पाय बाहेर पडला की पंच लाल बावटा वर करतो, फेक धरत नाहीत. तिन्ही वेळा लाल बावटा, आणि साहेब सामान उचलून घरी.

त्याच्यापुढे तो पुष्कळ वर्षं फेकत राहिला हो, आपल्या देशात जिंकलासुद्धा, पण त्या मोठ्या खेळांना त्याला परत कोणी नेलं नाही. मग नवीन पोरं आली, साहेबाची कंबर धरायला लागली, बाप वारला, आणि हा नोकरीसाठी बहारीनला आला. येताना बापाचा गोळा सामानात. आईने सांगितलं होतं म्हणे, तू उशिरा आलास तरी चालेल पण माझ्या माणसाचा गोळा परत आण. हे सांगताना साहेब हसायचा, पण तसा गंमतीत हसायचा नाही. आणि मला एकदा म्हणाला, वासू, तुझ्या मशीनवरचा तो लाल फडका काढ, लाल रंग मला बघवत नाही. मी काढला.

आता त्या दिवसाचं सांगतो. शुक्रवारचीच सकाळ, शमाल सुटला होता, म्हणजे तिथला उत्तरेचा वारा, धुळीने समोरचं दिसेना. मी म्हटलं, साहेब आज मफी, आज नको. ऐकलं नाही. फिरला, ओरडला, आणि टणकन आवाज झाला. तार मधोमध तुटली. साहेब मुठीसकट पाठीवर पडला आणि गोळा गेला तो गेलाच, कुठल्या बाजूला गेला ते त्या धुळीत त्यालाही कळलं नाही, मलाही कळलं नाही. कोणाला लागला नसेल ना, ह्या भीतीने आम्ही आधी माणसं शोधली. माणूस कोण नव्हतं, देवाची कृपा. पण वारा दोन दिवस राहिला आणि वाळूच्या सगळ्या खुणा पुसून गेला. त्याच्यानंतर कित्येक शुक्रवार साहेब आणि मी हातात सळई घेऊन वाळूत टोचत फिरलो. मिळाला नाही. मी त्याला लेथवर दुसरा गोळा करून दिला, वजनाला बरोबर, दिसायला त्याच्याहून गुळगुळीत. साहेबाने तो हातात घेतला, छान आहे म्हणाला आणि पिंपावर ठेवून गेला. फेकायचाच थांबला तो.

मध्ये वर्ष गेलं असेल, जास्तच. कारखान्याचं काम वाढलं, त्या मोकळ्या रानाच्या कडेला पत्र्याच्या खोल्या टाकून नवीन लेबर कॅम्प झाला, आणि त्यात आपल्या कोकणातले गडी आले. माझा जीव किती हरखला सांगू. त्यात माझा सख्खा मावसभाऊ, बाबल. शिवाय कॅम्पचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, तात्या गुरव, गावाकडे देवळाची पूजा ज्यांच्याकडे असते त्या घरातला. मी पहिल्या सुट्टीला भेटायला गेलो तर बाबल म्हणतो, दादा, आधी पाया पडाक चल, मगे च्या. मी म्हटलं, कोणाच्या? तर म्हणतो, राखणदाराच्या.

आमच्या गावात कसं असतं, तुम्हाला माहीत असेल नसेल म्हणून सांगतो, गावाच्या सीमेवर राखणदार असतो. मूर्ती वगैरे नाही, जमिनीतून वर आलेला एखादा गोल पाषाण, त्याला शेंदूर, पुढे नारळ. तो गाव राखतो. त्याला विचारल्याशिवाय आम्ही विहीर खणत नाही. तर हे गडी परक्या मुलखात आलेले, जीव घाबरा झालेला, आणि बाबल पहिल्याच सकाळी खोलीमागे जाऊन एकटाच रडत होता, तेव्हा त्याचा पाय ठेचकाळला, बघतो तर वाळूतून अर्धा वर आलेला गोल पाषाण. दुसरं काय डोक्यात येणार हो? तात्याने पाणी घातलं, गावाहून आणलेला शेंदूर लावला, चार विटांचा आडोसा केला, आणि झाला राखणदार. फोरमन बहारीनी, भला माणूस, त्याने एकदा बघितलं आणि म्हणाला, रस्त्यावर नको, भिंतीच्या आत असू दे. बस.

मी चपला काढून पुढे झालो, वाकलो, हात टेकवला. आणि हात तिथेच राहिला. शेंदराच्या खाली दगड नव्हता. मी लोहाराचा मुलगा, दगड कुठला आणि लोखंड कुठलं हे मला डोळे मिटून कळतं, आणि लोखंड आहे हे त्या गड्यांनाही ठाऊक होतं, बाबल म्हणालासुद्धा, ह्या मुलखात देवपण लोखंडाचो. पण मला पुढचं ठाऊक होतं ना! साहेबाच्या गोळ्याच्या एका बाजूला त्याच्या बापाच्या छिन्नीचा घाव होता, तार लावताना मी कितीदा बघितलेला, तो बोटाला लागला. मी तसाच मागे सरलो. चहा घेतला, पण चहाची चव काय होती विचाराल तर सांगता येणार नाही.

तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं. कसं सांगणार? बाबलची बायको गावाला गरोदर होती. आधीची दोन पोरं तिची राहिली नव्हती. बाबलने राखणदाराला नवस केला होता, की ह्या वेळी पोर आणि माय सुखरूप ठेव. तो रोज कामावर जाताना तिथे डोकं टेकून जायचा, आणि त्याच्यावर तो तगून होता, नाहीतर वेडा झाला असता. त्याला जाऊन सांगू, की बाबा तुझा देव फ्रान्सच्या साहेबाचा खेळायचा गोळा आहे? आणि इकडे साहेबाचा करार संपत आला होता. पिंपावर बसून म्हणायचा, वासू, आई दारात उभी असेल, पहिला तोच प्रश्न विचारील. माझी काय दशा झाली असेल तुम्हीच बघा, दोन्हीकडून आपलीच माणसं.

शेवटी साहेबाला सांगितलं, कारण तो मोठा होता, समजून घेईल वाटलं. त्याला कॅम्पवर नेलं, तो लांब ढांगा टाकत पुढे, मी मागे देवाचं नाव घेत. भिंतीआड गेला आणि थांबला. गोळा लालबुंद, पुढे कण्हेरीची फुलं, उदबत्ती. साहेबाचं तोंड उतरलं. म्हणाला, लाल का केला? मी म्हटलं, साहेब, आमच्यात लाल म्हणजे चूक नाही, आमच्यात लाल म्हणजे इथे देव जागा आहे. तो गुडघ्यावर बसला, टोपी काढली, बोट लावून छिन्नीचा घाव शोधला. मग विचारलं, हे लोक ह्याच्याकडे काय मागतात? मी बाबलचं सांगितलं. साहेब उठला, टोपी घातली आणि म्हणाला, मग इथेच राहू दे, आईला मी सांगेन काहीतरी. आणि चालायला लागला. मला त्या क्षणी त्याचे पाय धरावेसे वाटले.

पण बाबल तिथेच उभा होता, त्याने थोडं ऐकलं, बाकीचं मला सांगावं लागलं. आधी माझ्यावरच धावला. म्हणाला, दादा, तू माझो देव न्हेवक सायबाक घेवन इलंस? शिव्यासुद्धा दिल्या, त्या लिहू नका. मग एकदम खाली बसला आणि म्हणाला, बापाशीचो आसा तो त्येच्या? बापाशीन केल्लो? मी हो म्हटलं. तर तात्या गुरव तांदूळ निवडत होता तो तसाच उठून आला आणि म्हणाला, आपण भांडान काय उपेग, ज्येचो त्येका इचारूया. कौल लावया.

कौल म्हणजे असं, देवाला तांदळाचे ओले दाणे चिकटवायचे, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि प्रश्न विचारायचा. उजवा दाणा आधी पडला तर हो, डावा पडला तर नाही. त्याच्यावर आमच्याकडे कोण बोलत नाही. पुढच्या सुट्टीला साहेबाला बोलावलं. सगळे गडी आंघोळ करून हजर, साहेब टोपी हातात घेऊन मध्ये, सगळ्यांपेक्षा हातभर उंच. तात्याने गाऱ्हाणं घातलं, बा देवा म्हाराजा, आणि आम्ही सगळे, व्हय म्हाराजा. आज ह्यो परमुलखातलो सायब तुझ्या पायाकडे इलो हा म्हाराजा, व्हय म्हाराजा. त्येच्या बापाशीन तुका घडवल्यान, ता तुका ठावक, आमका ठावक नाय होता म्हाराजा, व्हय म्हाराजा. त्यांच्या भाषेत होयला वी म्हणतात, तर दुसऱ्या खेपेपासून साहेब आमच्याबरोबर वी म्हाराजा, वी म्हाराजा म्हणायला लागला, आणि हसायचं कोणाला सुचलं नाही, मलाही नाही.

तात्याने विचारलं, आज सायबाबरोबर जातलंस काय? डावा दाणा पडला. लगेच. मी साहेबाकडे बघितलं, त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं तरी त्याला कळलं, माणूस तीन लाल बावटे बघून आलेला. बाबलने सुटकेचा श्वास सोडला आणि त्याचीच त्याला लाज वाटली असावी, कारण त्याने मान खाली घातली. तात्याने दाणे पुन्हा लावले आणि म्हणाला, बाबलाचा काम पुरा झाल्यावर जातलंस? आता काही पडेना. उन्हं तापायला लागली, शेंदूर पातळ व्हायला लागला, माश्या बसायला लागल्या, कोण हलेना. मी आयुष्यात एवढं कधी कशाकडे बघितलं नसेल. आणि उजवा पडला! पडला तो विटेवरच पडला, सगळ्यांनी बघितला. व्हय म्हाराजा असं सगळे ओरडले की फोरमन धावत आला काय झालं म्हणून.

साहेबाला म्हटलं, पोर झालं की गोळा तुमचा. तो म्हणाला, इंशाल्ला, आणि ऑफिसात जाऊन जायची तारीख पुढे ढकलून आला. आणि मग काय सांगू तुम्हाला, बाबलपेक्षा त्याचीच धावपळ. रोज सकाळी वर्कशॉपच्या दारातून आडवा होऊन यायचा आणि एकच शब्द, बेबी? मी मान हलवली की जायचा. झल्लाकच्या समुद्रावर फिरायला गेला तर तिथून बाबलच्या बायकोसाठी शिंपले घेऊन आला, आता त्या बाईने शिंपले काय करायचे? पण आणले. आणि एके दिवशी मी काही बोलण्याआधीच कारखान्याच्या ऑफिसातला पोऱ्या धावत आला, गावाहून फोन आहे, बाबलला बोलवा. फोनवर बाबलचा मोठा भाऊ, खरखर नुसती, आणि बाबल हो हो एवढंच म्हणतोय. मग रिसीव्हर ठेवून म्हणाला, चेडू झाला. दोगाय बरी आसत. म्हणजे मुलगी झाली, मायलेकी सुखरूप. आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसला. जेरारसाहेबाने त्याला अल्लाद उचलून धरला, लहान पोरासारखा, आणि ऑफिसात सगळ्यांसमोर गोल फिरला. माझ्या छातीवरचं ओझं असं उतरलं की मला भूकच लागली, कित्येक दिवसांनी खरी भूक.

मग देव उठवला. तात्याने परत गाऱ्हाणं घातलं, नारळ दिला, आणि गोळा साहेबाच्या हातात ठेवला. मी नवीन तार करून ठेवलीच होती. पण साहेब म्हणतो, आता हा मी कसा फेकू, हा तुमचा देव. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो, कारण आम्हालाही तेच वाटत होतं. तर तात्या म्हणाला, तो हय उडानच इलेलो, उडानच जांव दे. मी ते साहेबाला समजावून सांगितलं. साहेब हसला, आता खरं हसला.

त्याच रानात त्याने चुन्याने गोल आखला. सगळे गडी लांब, भिंतीजवळ. साहेब फिरला, कंबर दुखत असणार पण फिरला, आणि सोडताना तो ओरडला त्याच वेळी आम्ही सगळे ओरडलो, व्हय म्हाराजा! लाल गोळा उन्हात असा गेला सरळ, सगळ्यांना दिसत दिसत गेला, आणि समोर वाळूत बसला. किती लांब ते आम्ही मोजलं नाही. साहेबाने खाली पायांकडे बघितलं. दोन्ही पाय आत होते. तो तसाच उभा राहिला, पायांकडे बघत, मग तोंड झाकून रडला, आणि बाबल त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेला तर हात कमरेपर्यंतच पोचला.

साहेब गेला. गोळा फडक्यात गुंडाळून नेला, शेंदूर पुसला नाही. मी पुढे बरीच वर्षं तिथे होतो, सनाबिसला आणखी दोघा गाववाल्यांबरोबर खोली घेतली, मग एक दिवस व्हिसा संपवून परत आलो, इथे वेल्डिंगचं दुकान टाकलं, आता मुलगा बघतो. बाबलची मुलगी शाळेत बाई आहे, तिला मुलं झाली, देवाच्या दयेने सगळं चांगलं आहे. साहेबाने मागून एकदा फोटो पाठवला होता. त्यात त्यांच्या घराचं अंगण, म्हातारी आई खुर्चीवर, आणि तिच्या पायाशी गोळा जमिनीत अर्धा पुरलेला, भोवती फुलझाडं. गोळा लाल आहे, पण तो आमचा शेंदूर नव्हे, एवढी वर्षं कसा राहील? मागे साहेबाने लिहिलंय, पावसाने रंग गेला म्हणून आईने दुकानातून लाल रंग आणून स्वतः लावला.

तर झालं असं, की आम्ही सगळे पोटासाठी बाहेर गेलो आणि घरी आलो, पण आमचा राखणदार तिकडेच राहिला, फ्रान्सला. मला त्याची काळजी वाटते, हसू नका. तिथे त्याच्याशी आपल्या भाषेत कोण बोलणार? म्हणून संध्याकाळी दिवा लावला की अंगणात येऊन मी पश्चिमेकडे तोंड करतो आणि म्हणतो, बा देवा म्हाराजा, तू परक्या मुलखात आहेस, त्या माउलीच्या घरादारावर नजर ठेव, आणि साहेबाचे पाय आत असू देत. आणि ही आतून, चुलीजवळून, हातातलं काम न सोडता म्हणते, व्हय म्हाराजा.